आरसा घासणारीं मुलें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



आपल्या देवघरांत सहाण असेल तर तिच्यावरून एकदां बोट फिरवून पाहा. नवी होती तेव्हां ती सपाट होती. वर्षानुवर्षें तिच्यावर चंदनाचें खोड फिरलें, आणि आज तिच्या मध्यभागीं एक नितळ खळगा पडला आहे. खोडाचें टोंक पाहाल तर त्यालाहि तशीच गोलाई आलेली आढळेल. हा खळगा कोणीं कोरलेला नाहीं. दोन पदार्थ एकमेकांवर घासले गेले, मध्यें थोडें पाणी होतें, आणि हात रोज थोड्या निराळ्या दिशेनें फिरत होता, एवढेंच. ज्या दुर्बिणींतून गुरूचे चंद्र आणि शनीचें कडें दिसतें, तिचा आरसा याच रीतीनें तयार होतो असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. मला तर ही गोष्ट वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं कळली, आणि तोंपर्यंत मी दहा वर्षें मुलांना ‘तांत्रिक शिक्षण’ देत होतों!

मी सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेच्या कार्यशाळेंत मास्तर होतों. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें फिटरकामाचें व सुतारकामाचें प्रशिक्षण घेतलें, एवढीच काय ती शिदोरी. तेव्हां आज जें बोलणार आहें तें विद्वानाचें प्रवचन नव्हे. बाकाशीं उभें राहून ज्याचें आयुष्य गेलें अशा एका माणसाची ही हकीकत आहे, आणि तिच्यांत माझ्या एका अपराधाचीहि कबुली आहे.

आमच्या कार्यशाळेंत पूर्वीं मुलें काय करीत असत? लोखंडाचा तुकडा कानशीनें चौरस करीत, लांकडाचे दोन तुकडे सांध्यांत बसवीत. मी गुण्या लावून पाहत असें आणि दहांपैकीं सहा-सात गुण देत असें. तो तुकडा पुढें कोणाच्याच उपयोगीं पडत नसे. वर्षाच्या अखेरीस तसल्या तुकड्यांचें पोतें भरून भंगारवाल्याकडे जाई. मुलांना हें ठाऊक असे. तुकडा चौरस झाला काय अन् न झाला काय, जगाचें कांहीं अडत नाहीं, अडलेंच तर मास्तरांचें अडतें, हें चौदा वर्षांच्या पोराच्या चांगलें ध्यानांत येतें. मग तो मास्तरांच्या डोळ्यांपुरतें काम करूं लागतो. गुण्याची जी बाजू मी लावणार ती तेवढी घासून ठेवतो. मी त्यांना आळशी म्हणत असें. आज वाटतें, तीं मुलें चतुर होतीं.

अशा वेळीं पुण्यांत दुर्बीण तयार करण्याचें एक शिबिर भरल्याचें कळलें. पुण्यांत आकाशदर्शनाची हौस जुनी आहे. तेथील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालत आलेली. मी रजा काढून गेलों आणि कांचेच्या दोन तबकड्या घेऊन परत आलों.

रीत अशी. ६ इंच व्यासाच्या, चांगल्या जाड अशा दोन तबकड्या घ्यावयाच्या. एक तबकडी पत्र्याच्या पिंपावर पक्की बसवावयाची. तिच्यावर कार्बोरंडमची खरखरीत पूड व पाणी टाकून दुसरी वर ठेवावयाची, आणि दोन्ही हातांनीं पुढें-मागें घासावयाची. थोडे फेरे झाले कीं हातांतली कांच जराशी वळवावयाची, आणि आपणहि पिंपाभोंवतीं एक पाऊल सरकावयाचें. येथें सहाणेच्या उलट घडतें. वरची कांच खोलगट होते आणि खालची फुगीर. कारण असें, कीं वरची कांच सरकून कडेबाहेर लोंबूं लागली म्हणजे तिचा भार खालच्या कांचेच्या कडेवर येतो, आणि ती कड नेमकी वरच्या कांचेच्या मध्याजवळ टेकलेली असते. म्हणून एकीचा मध्य झिजतो आणि दुसरीची कड. ही झीज वाटेल तशी होत नाहीं, हें यांतलें खरें मर्म. दोन पृष्ठें कशींहि वळविलीं, कोठेंहि सरकविलीं, तरी एकमेकांस सर्वत्र टेकून राहावयाचीं असतील, तर तीं गोलाचेच भाग असलीं पाहिजेत. दुसऱ्या कोणत्याहि वक्राकाराला हें साधत नाहीं. म्हणून हात जितका एकाच चाकोरींत अडकून न पडतां फिरेल, तितका आकार नेमका येतो. आमच्या वर्गांतील कित्येक अवखळ पोरें या एका कारणावरून कार्यशाळेंत रमलीं.

आमच्या आरशाचें नाभ्यंतर ४८ इंच ठरलेलें असे. त्यासाठीं मध्यभागींचा खळगा किती खोल हवा? अवघा १.२ मिलिमीटर. नखाच्या जाडीहून थोडा अधिक म्हणा. तेवढ्यासाठीं तासचे तास घासावयाचें, आणि मग खरखरीत पुडीनें पडलेले ओरखडे घालविण्यासाठीं १२० नंबरची पूड, नंतर २२०, नंतर त्याहून बारीक, असें उतरत जावयाचें. प्रत्येक पुडीचें काम एकच: आधींच्या पुडीचे खड्डे पुसून टाकणें. पण मधल्या काळांत जाड पुडीचा एक जरी कण नखांत, बाहीवर, बादलीच्या कडेवर राहिला आणि बारीक पुडींत मिसळला, तर तो कांचेवर असा ओरखडा काढतो कीं दोन पायऱ्या मागें जावें लागतें. म्हणून पूड बदलावयाची त्या दिवशीं जमीन धुवावयाची, पिंप धुवावयाचें, जुनीं वर्तमानपत्रें टाकून नवीं अंथरावयाचीं, सदरा बदलावयाचा, नखें घासावयाचीं. माझी आजी सोवळ्यांत असतांना आम्हां मुलांना जशी दूर ठेवी, तशीं आमचीं मुलें त्या दिवशीं मला दूर ठेवूं लागलीं. ‘सर, तुम्ही बाहेरून आलांत, हात धुवा.’ स्वच्छतेवर मीं बरींच भाषणें दिलीं होतीं. त्यांतलें एकहि मला आठवत नाहीं, मग मुलांना काय आठवणार?

घासून झालें कीं पॉलिश. पिच म्हणून जो काळा, राळेसारखा पदार्थ मिळतो त्याचा थर खालच्या कांचेवर ओतावयाचा, त्यावर चर पाडावयाचे, आणि सीरियम ऑक्साइडची पूड पाण्यांत कालवून पुन्हां तेंच घासणें. दुधाळ कांच हळूहळू पारदर्शक होऊं लागते. हौशी लोकांचें पहिलें समाधान येथें संपतें. खरें काम मात्र येथूनच सुरू होतें, कारण आतां आरसा तपासावयाचा असतो.

ही तपासणी १८५८ सालीं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें काढली, आणि तिला सामान काय लागतें पाहा. सुईच्या टोंकाएवढें छिद्र पाडलेल्या डब्यांतला दिवा, आणि दाढीचें एक पातें. नाभ्यंतराच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे आमच्या आरशापासून ८ फुटांवर, हें सामान ठेवावयाचें. छिद्रांतून निघालेला प्रकाश आरशावरून उलटून पुन्हां जवळजवळ त्याच जागीं एका बिंदूंत गोळा होतो. डोळा तेथें नेला कीं अंधाऱ्या खोलींत सबंध आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. मग पातें हळूच आडवें सरकवून तो बिंदु कापावयाचा. आकार निर्दोष गोलाचा असेल तर सारा आरसा एकाच क्षणीं सारखा करडा होतो. नसेल तर त्यावर सावल्या पडतात. उंचवटे, खळगे, मध्येंच एखादें कडें, कडेला उतरण. सह्याद्रीचा उठावदार नकाशा समोर ठेवावा तसें दिसूं लागतें.

या डोंगरांची खरी उंची किती? आरशाच्या पृष्ठावरील चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावी असा जुना दंडक आहे. हिरव्या प्रकाशासाठीं हें माप सुमारें ७० नॅनोमीटर भरतें. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्या केसाचे हजार भाग करावे आणि त्यांतला एक घ्यावा. खेड्यांतल्या शाळेंत, एका पात्यानें आणि उघड्या डोळ्यानें, नववींतलें मूल हें माप वाचतें.

मुलांना मी एक गंमत नेहमीं दाखवितों. तपासणीला बसलेल्या मुलाला सांगावयाचें, पुढें जाऊन आरशाच्या पृष्ठाला अंगठा लाव, दहापर्यंत मोज, आणि परत येऊन पाहा. परत येऊन पाहतो तों अंगठा लावला तेथें गळवासारखा फुगवटा! बोटाच्या उष्णतेनें कांच तेवढी फुगलेली असते. मिनिटा-दोन मिनिटांत फुगवटा डोळ्यांदेखत ओसरूं लागतो. ज्यानें हें एकदां पाहिलें त्याला ‘पॉलिश करून लगेच तपासूं नये, कांच निवूं द्यावी’ असें बजावावें लागत नाहीं. तो आपणहून आरसा ठेवतो आणि गणिताचें पुस्तक काढून बसतो.

आतां याचा पोटापाण्याशीं काय संबंध, असें आपल्यांतील कित्येक गृहस्थ मनांत म्हणत असतील. संबंध फार जवळचा आहे. कारखान्यांत लांबीचीं मापें २० अंश सेल्सिअस या प्रमाण तपमानाला धरून घेतात, आणि मापनकक्षांत स्लिप गेजेस म्हणून जे पोलादी ठोकळे असतात ते उघड्या हातानें फार वेळ धरूं देत नाहींत. कारण १०० मिलिमीटर लांबीचा ठोकळा एका अंशानें तापला तरी एका मायक्रॉनहून किंचित् अधिक वाढतो. हा नियम नव्या उमेदवाराला पाठ करावा लागतो. आरसा घासलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाहीं; त्यानें तो फुगवटा पाहिलेला असतो. तीच गोष्ट सपाट पृष्ठाची. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें १८४० सालीं खरें सपाट पृष्ठ कसें करावें हें विद्वानांच्या सभेपुढें मांडलें. तीन पत्रे घ्यावयाचे, दोन-दोनांच्या जोड्या आळीपाळीनें जुळवून उंचवटे खरवडावयाचे. दोनच घेतले तर एक खोलगट व दुसरा फुगीर होऊनहि ते एकमेकांस नीट बसतील. तिसरा आला कीं ही लबाडी चालत नाहीं. टूलरूममध्यें गेलेला आमचा एक विद्यार्थी मला म्हणाला, ‘सर, तेथल्या साहेबांनीं तीन पत्र्यांची रीत सांगायला सुरुवात केली, आणि दोन पत्र्यांचें काय होणार तें मीं आधींच सांगितलें.’

आतां कबुलीची गोष्ट.

दुसऱ्याच वर्षीं आमच्या शाळेची दुर्बीण जिल्ह्याच्या विज्ञान-प्रदर्शनांत मांडावयाचें ठरलें. आरसा घासणारा मुलगा एस.टी.च्या एका चालकाचा. वर्गांत मागें बसणारा, बोलणें मोजकें. त्यानें सबंध पावसाळा त्या आरशापायीं घालविला होता. प्रदर्शनाला आठ दिवस उरले असतां तपासणींत दिसून आलें कीं कड उतरली आहे. कडेजवळची कांच प्रमाणाहून अधिक झिजली होती. नवशिक्यांच्या हातून हटकून होणारा दोष हा. त्याला उपाय आहे, पण तो घाईचा नाहीं. पिचचा थर नवा करून सावकाश सबंध पृष्ठ खालीं आणावें लागतें. मुलगा म्हणाला, ‘मी रोज रात्रीं थांबतों.’ मला धीर नव्हता. बक्षीस यावें अशी शाळेंत सर्वांची इच्छा होती, आणि खरें सांगावयाचें तर सर्वांत अधिक ती माझी होती. मी पुण्यास गेलों, पदरचे पैसे घालून तयार आरसा विकत आणला, आणि आदल्या रात्रीं एकट्यानें तो नळींत बसविला.

प्रदर्शन साताऱ्यास होतें. परीक्षकांनीं दुर्बिणींतून अजिंक्यताऱ्याचा तट पाहिला. दगडावर उगवलेलें गवत मोजावें इतकें स्पष्ट दिसत होतें. पहिला क्रमांक आमचा लागला. मुलगा दुर्बिणीजवळ उभा होता. तो नळीच्या तोंडांतून आंत वांकून बराच वेळ पाहत राहिला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘सर, हा आपला आरसा नाहीं.’

मीं विचारलें, ‘कशावरून?’

‘आपल्या आरशाला कडेपासून दोन बोटांवर एक टिंब आहे. २२० च्या वेळचें राहिलेलें. ह्याला तें नाहीं.’

मीं त्याला गप्प राहावयास सांगितलें. तो गप्प राहिला. व्यासपीठावर गेला, प्रमाणपत्र घेतलें, खालीं येऊन तें माझ्या हातांत दिलें, आणि त्या वर्षीं पुन्हां कार्यशाळेंत पाऊल टाकलें नाहीं. मींहि त्याला बोलावलें नाहीं. कोणत्या तोंडानें बोलावणार होतों?

आपल्या कामांतला दोष कोठें आहे, तो केव्हां पडला, किती खोल आहे, हें ज्याला झोपेंतून उठवून विचारलें तरी सांगतां येतें, असा माणूस कोणत्याहि कारखान्याला हवा असतो. तसा एक माणूस माझ्या कार्यशाळेंत तयार झाला होता, आणि तें ज्या क्षणीं सिद्ध झालें त्याच क्षणीं मीं त्याला खोटें बोलावयास शिकविलें. त्यानंतर आमच्याकडे एक वही सुरू झाली. प्रत्येक आरशाची एक. तिच्यांत तारीख, पूड, किती तास, आणि तपासणींत दिसलेल्या सावल्यांचें चित्र. खाडाखोड करावयाची नाहीं. प्रदर्शनांत दुर्बिणीशेजारीं ती वही उघडी ठेवावयाची. पुढें बक्षिसें कमी आलीं, हें कबूल केलें पाहिजे. एका परीक्षकांनीं तर वही पाहून विचारलें, ‘इतक्या चुका तुम्ही स्वतःच कां दाखवितां?’

हातानें यंत्र घडविण्यानें माणसें घडतात हा अनुभव कांहीं आमच्याच गांवचा नव्हे. अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांत स्प्रिंगफील्ड म्हणून एक लहान गांव आहे. यंत्रें तयार करणारीं यंत्रें तेथें होत. रसेल पोर्टर नांवाचा तेथलाच एक गृहस्थ उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत चित्रकार व मोजणीदार म्हणून हिंडून १९१९ सालीं परत आला आणि जोन्स अँड लॅमसन या कारखान्यांत कामाला लागला. १९२० सालीं त्यानें गांवांतील पंधरा-सोळा जणांना आरसे घासावयास शिकविलें. त्यांतले बहुतेक कारखान्यांतले कामगार. १९२३ मध्यें त्यांनीं आपलें मंडळ काढलें. टेकडीवर बांधलेल्या त्यांच्या लहानशा घराला त्यांनीं स्टेलाफेन, म्हणजे ताऱ्यांचें देऊळ, असें नांव दिलें. तेथें अजून दरवर्षीं दुर्बिणी करणाऱ्यांचा मेळावा भरतो. १९२५ मध्यें ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत या मंडळीची हकीकत आली आणि हजारों घरांच्या तळघरांत पिंपें मांडलीं गेलीं.

पण मला यांतली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्याच कारखान्याचे प्रमुख जेम्स हार्टनेस यांच्यासह पोर्टरनें एक उपकरण तयार केलें. स्क्रूच्या आट्यांची सावली भिंगांतून कितीतरी पटींनीं मोठी करून पडद्यावर पाडावयाची आणि आंखलेल्या रेषांशीं ताडून पाहावयाची. आज ज्याला आपण ऑप्टिकल कंपॅरेटर किंवा प्रोफाइल प्रोजेक्टर म्हणतों, आणि जो आपल्याकडील इंजिनिअरिंग कारखान्यांच्या तपासणी-विभागांतहि आढळतो, त्याचा हा पूर्वज. आकाशाकडे पाहणारा आरसा आणि कारखान्यांतला स्क्रू यांचें नातें तें हें असें. पुढें १९२८ सालीं पॅलोमार पर्वतावरील २०० इंची दुर्बिणीच्या रचनेसाठीं पोर्टरला कॅलिफोर्नियांत बोलावून नेलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत सैन्याच्या दुर्बिणींना लागणाऱ्या अवघड लोलकांचा तुटवडा पडला तेव्हां या घरगुती कारागिरांपैकीं अनेकांनीं ते आपल्या घरीं घासून दिले.

आपल्याकडे असें कोण करणार, हा उद्गार मला नेहमीं ऐकूं येतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बोस यांना धड प्रयोगशाळा नव्हती. एका स्थानिक टिनकाम करणाऱ्याला हाताशीं धरून त्यांनीं सूक्ष्म विद्युत्-लहरींचीं उपकरणें तयार करविलीं आणि १८९५ सालीं तीं लोकांसमोर चालवून दाखविलीं. या लहरींची एक तपासणी करावयास त्यांनीं काय वापरलें? आगगाड्यांचें जाडजूड वेळापत्रक, पानांपानांत कथलाचा वर्ख घालून! आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हां एकानें विचारलें, ‘मग गाडीची वेळ कशांत पाहत होते?’ या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

आणि आपल्या कल्याणला काय घडलें? गोविंद स्वरूप हे १९६३ सालीं परदेशांतून येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत दाखल झाले. सिडनीजवळ पूर्वीं वापरांत असलेल्या, सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियानें भारताला दिल्या होत्या. त्या त्यांनीं व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनीं १९६५ मध्यें कल्याणजवळ उभ्या केल्या, एकमेकींस जोडल्या आणि सूर्याचा वेध घेतला. जुनें सामान, नवे हात. पण त्या हातांनींच पुढें उटीजवळची दुर्बीण उभारली, ती १९७० सालीं पुरी झाली. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असें हें प्रचंड यंत्र. तेथला अक्षांश सुमारें ११ अंश, म्हणून उत्तर-दक्षिण उतार नेमका तितकाच असलेली टेकडी त्यांनीं शोधून काढली. त्यामुळें दुर्बिणीचा आंस पृथ्वीच्या आंसाला आपोआप समांतर झाला आणि केवळ एका दिशेनें फिरवून ताऱ्याचा पाठलाग करतां येऊं लागला. असली युक्ति पुस्तकांतून सुचते असें मला वाटत नाहीं. ज्यानें खिळे-बोल्ट स्वतः आंवळले आहेत त्याला ती सुचते. त्यानंतर नारायणगांवजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. भरींव पत्र्याऐवजीं तारेची जाळी दोरखंडांवर ताणून त्या केल्या असल्यामुळें हलक्या झाल्या, आणि वाराहि त्यांतून निघून जातो. विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीला, तेथें शाळा-कॉलेजांचें प्रदर्शन भरतें. पालकहो, मुलांना घेऊन एकदां जा, आणि तेथल्या माणसांना तुम्ही कोठून शिकलांत हें विचारा.

आतां आजच्या शाळांविषयीं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तरावांचून कारागिरांजवळ काढावे असें म्हटलें आहे. २०१६ पासून सरकारी मदतीनें देशांतील दहा हजारांवर शाळांत टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. हें सर्व मला मनापासून आवडतें. माझा आक्षेप आहे तो तयार जोडसंचांवर. खोक्यांतून भाग काढले, चित्राबरहुकूम जोडले, बटन दाबलें, दिवा लागला. येथें मूल जोडणी शिकतें, आणि तीहि कांहीं टाकाऊ नाहीं. पण भाग दुसऱ्यानें मोजून-मापून केलेले असतात, आणि चूक झालीच तर दिवा लागत नाहीं एवढेंच कळतें. किती चुकलें हें कळत नाहीं. ‘चुकलें’ आणि ‘इतकें चुकलें’ या दोन शब्दांतल्या अंतरावर तंत्रज्ञाचा सारा पगार अवलंबून असतो. आज आरसे यंत्रानें, संगणकाच्या देखरेखीखालीं पॉलिश होतात हें मी जाणतों. पण यंत्रानें दिलेला आंकडा खरा मानावा कीं कांच अजून निवलेली नाहीं, हें ठरविणारें माणूस कोणीतरी लागतेंच.

आणि माझा दावाहि मर्यादित आहे. आमच्याकडे आरसे घासलेल्या मुलांपैकीं बरींच शेतीला, दुकानाला, पोलिसांत गेलीं. एक मुलगी परिचारिका झाली. तिच्या हातची निर्जंतुक तयारी पाहून डॉक्टर खूष असतात असें तिची आई सांगते. मी त्याचें श्रेय कार्बोरंडमला देतों, आई अर्थात् देत नाहीं.

तो एस.टी. चालकाचा मुलगा आय.टी.आय. करून एका कारखान्याच्या मापनकक्षांत लागला. मी निवृत्त झालों त्या वर्षीं तो घरीं आला. चहा झाला. मीं कपाट उघडून जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेला त्याचा आरसा काढला. त्यानें तो खिडकीशीं नेऊन उजेडांत तिरपा धरला आणि क्षणांत बोट ठेवलें, टिंबावर. ‘कड तशीच असेल ना, सर?’ मीं म्हटलें, ‘तशीच आहे.’ मग त्या प्रदर्शनाच्या दिवसाबद्दल मीं त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर म्हणाला, ‘आरसा घेऊन जाऊं का?’ आणि घेऊन गेला.

कोणा शिक्षकाला वा पालकाला हें काम सुरू करावयाचें असेल तर खर्च एका बऱ्या सायकलीच्या किमतीहून फार नाहीं. वारा न येणारी एक खोली, पाण्याचा नळ, एक पिंप, आणि घाई न करणारें एक मोठें माणूस एवढें हवें. शेवटचें माणूस मिळणें कठीण पडतें. पॉलिश पुरें झालें कीं आरशावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवून घ्यावा लागतो. तो निर्वात पेटींत चढतो, तें घरीं होत नाहीं. धुतांना खालीं बादलींत जाड फडकें घालावें. आमचा एक आरसा पॉलिश झाल्यावर, शेवटच्या धुण्यांत, मोरीवर आपटून दुभंगला आहे. त्या दिवशीं आम्हीं सर्वांनीं शाळेला दांडी मारली, मास्तरांसकट.

मी अजून आठवड्यांतून दोन दिवस कार्यशाळेंत जातों. यंदा दोन मुली व दोन मुलें अशी चौघांची तुकडी आहे. गेल्या शनिवारीं त्यांचें २२० संपत आलें होतें. धाकट्या मुलीनें भिंगांतून पाहतां पाहतां डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा दाखविला. तो इतका बारीक होता कीं मला चष्मा पुसूनहि दिसेना. पॉलिशमध्यें तो निघून जाईल असें मुलांचें म्हणणें पडलें. मुलीचें म्हणणें, जाणार नाहीं. अर्धा तास वाद झाला. मीं मत दिलें नाहीं. शेवटीं चौघांनीं वहींत ओरखड्याचें चित्र काढलें, खालीं सह्या केल्या, आणि जमीन धुवावयास घेतली. सोमवारीं पुन्हां १२० पासून आरंभ आहे.